मोबाइल काढून घेणे हा उपाय नव्हे

किशोरवयीन प्रेमसंबंधांतील हिंसा टाळण्यासाठी मुलींचा मोबाइल काढून घ्यावा, या मताशी मी सहमत नाही. लातुरात आमच्या घरी भाड्याने राहून बारावी करणारी एक मुलगी दर तासाला वहीसकट स्वतःचा फोटो काढून एका मुलाला पाठवत असे आणि पाच मिनिटे उशीर झाला की तिचे हात थरथरू लागत. त्याने तिला कधी मारले नव्हते. त्यामुळे ही हिंसा आहे हे तिला पटत नव्हते आणि मलाही ते फार उशिरा उमगले. पासवर्ड मागणे, मैत्रिणी तोडायला लावणे, फोटो घरच्यांना दाखवण्याची धमकी देणे, हे सारे हिंसेचेच प्रकार आहेत.

तिने घरी सांगितले नाही, कारण कळताच कॉलेज सुटेल आणि तुळशीचे लग्न झाले की आपलेही उरकतील, अशी तिला धास्ती होती. बीड-परभणीकडच्या मुलींची ही धास्ती निराधार नाही. मोबाइल काढून घेतला, तर मदत मागण्याचा मार्गही बंद होतो.

अमेरिकेत या विषयाच्या जनजागृतीसाठी फेब्रुवारी महिना पाळतात. आपल्याकडे तो बारावीच्या परीक्षेचा काळ असल्याने जूनमध्ये शाळा उघडताच यावर बोलावे, आणि ते मुलग्यांसमोरही बोलावे. 1098 ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे आणि 2012 चा पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा) कायदा अठरा वर्षांखालील मुलामुलींना सारखेच संरक्षण देतो, हे वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावे.