पोलादी छर्रे, बदकं आणि ओलिन घराणं: श्रेय कुणाचं?

पाणकावळा
अमेरिकेत इलिनॉयमध्ये नोव्हेंबर आला की ऑफिसात बदकांच्या शिकारीशिवाय दुसरा विषय नसतो. यंदा एका सहकाऱ्याने विंचेस्टर या बंदूक-काडतूस कंपनीच्या, विषारी शिशाऐवजी पोलादी छर्रे असलेल्या काडतुसांचा खोका टेबलावर ठेवला आणि ठणकावून सांगितलं, "बदकं वाचवली ती ओलिन घराण्याने." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

घराण्याची गोष्ट रंगतदार आहे, यात वाद नाही. फ्रँकलिन ओलिन मूळचा व्हर्मांटचा. कॉर्नेलला इंजिनिअरिंग शिकला, १८८४-८५ मध्ये चक्क व्यावसायिक बेसबॉल खेळला आणि १८९२ मध्ये इलिनॉयमधल्या ईस्ट आल्टनला स्फोटक दारूचा कारखाना काढला. गिऱ्हाईक कोण, तर आसपासच्या कोळसा खाणी. १८९८ मध्ये त्याने वेस्टर्न कार्ट्रिज कंपनी काढली. मुलगा जॉन बंदुकीत आणि रसायनशास्त्रात सारखाच मुरलेला. १९२२ मध्ये त्याने लांब पल्ल्याचं 'सुपर-एक्स' काडतूस आणलं आणि १९३१ च्या ऐन मंदीत, दिवाळ्यात निघालेली विंचेस्टर कंपनीच खरेदी केली. त्याचा लॅब्राडॉर किंग बक १९५२ आणि १९५३, लागोपाठ दोन वर्षं शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत राष्ट्रीय विजेता ठरला. १९५९ च्या सरकारी डक स्टँपवर (बदकांच्या शिकारीसाठी विकत घ्यावं लागणारं तिकीट) तोंडात बदक धरलेला हा कुत्राच आहे.

आता खरी गंमत बघा. त्याच १९५९ साली, त्याच इलिनॉय राज्यात फ्रँक बेलरोज या जीवशास्त्रज्ञाने मांडलं की दरवर्षी दोन ते तीन टक्के पाणपक्षी शिशाच्या विषबाधेने मरतात. देशभर पोलादी किंवा अन्य बिनविषारी छर्रे सक्तीचे झाले १९९१ मध्ये. मधली ३२ वर्षं बहुतेक तळ्यांत शिसंच पडत राहिलं. घराण्याचं बदकांवरचं प्रेम खरं असेल, पण छर्रा बदलला तो कायद्याने.

बारा_बोअर
साफ असहमत. १९५९ मध्ये शास्त्रज्ञ बोलला म्हणून १९६० मध्ये काडतूस तयार होत नसतं, राव. शिशाचा छर्रा करणं सोपं. वितळलेलं शिसं उंचावरून चाळणीतून सोडायचं, खाली येईतो थेंब गोल होतो, पाण्यात पडला की गार. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये याचंच पेटंट घेतलं. पोलादाला हे चालत नाही. मऊ लोखंडी तार कापायची, तुकडे साच्यात दाबायचे, घासून गोल करायचे, भट्टीत तापवून आणखी मऊ करायचे आणि गंजू नयेत म्हणून वर मुलामा चढवायचा. एवढं करूनही ते शिशापेक्षा कठीणच. नळी खरवडू नये म्हणून जाड प्लास्टिकचा पेला लागतो. तरी जुन्या, तोंडाशी आवळलेल्या नळ्या फुगण्याची भीती राहतेच.

वर वजनाचा प्रश्न. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. हलका छर्रा हवेत लवकर दमतो, म्हणून दोन नंबर मोठा घ्यायचा आणि बदक जवळ येईपर्यंत थांबायचं. हे सगळं जमवलं कुणी? कारखान्यांनीच ना?

आणि पैशाचं बोला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो वन्यजीवांच्या कामाला जातो. डक स्टँप १९३४ पासून आहे, त्यातल्या प्रत्येक डॉलरचे ९८ सेंट पाणथळींना. तुमच्याआमच्यासारखे फोटो काढणारे किती देतात?

भिगवणकर
कारखाना, कर सगळं ठीक. बदक मरतं कसं हेही कुणीतरी लिहायला हवं.

बदकाला दात नसतात. दाणा दळायला ते बारीक खडे गिळतं आणि पेषणीत, म्हणजे पोटाच्या दाणा दळणाऱ्या भागात, साठवतं. तळातला छर्रा त्याला खड्यासारखाच वाटतो. मग पेषणी तो घासते, पोटातलं आम्ल त्याला विरघळवतं आणि शिसं रक्तात उतरतं. पंख छपरासारखे दोन्ही बाजूंना लोंबायला लागतात, विष्ठा हिरवी होते, पोटात अन्न असूनही ते पुढे सरकत नाही. दोन-तीन आठवड्यांत पक्षी उपाशी मरतो, तोही गवतात लपून, म्हणून कुणाला दिसत नाही. लोखंडी छर्रा गिळला तर यातलं काही होत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार सुटली. पण भरतपूरला तो दगडी फलक वाचलाय का? १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३ पक्षी. नेमातले छर्रे एवढे, तर चुकलेले त्या चिखलात किती गेले असतील?

खटपट्या
"शिकाऱ्यांनी वाचवलं" म्हणणाऱ्यांनी १९७६ आठवावं. सरकारने काही ठिकाणी पोलादी छर्रे सक्तीचे करताच नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकधारकांची संघटना कोर्टात गेली. तिथे हरली. मग १९७८ मध्ये अलास्काचे सिनेटर स्टीव्हन्स यांनी बजेटमध्येच पाचर मारली: राज्य हो म्हणत नाही तोवर अंमलबजावणीला पैसा नाही. गाडी हलली ती गरुडांमुळे. अंगात शिसं असलेली जखमी बदकं खाऊन बाल्ड ईगल मरायला लागले, नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने दावा लावला, तेव्हा कुठे टप्प्याटप्प्याने बंदी ठरली. राष्ट्रीय पक्षी मेला की फाइल पळते. बदक काय, ते तसंही ताटातच जायचं.

बारा_बोअर
विरोध झाला, मान्य. पण निव्वळ हट्टाने नाही. हलक्या छऱ्याने पक्षी मरत नाही, जखमी होऊन उडून जातो आणि कुठेतरी कुजतो, ही भीती होती. लहानपणापासून शिशाने मारणाऱ्या माणसाला ती खरीच वाटणार.

पाणकावळा
भीती खरी होती, पण ती टिकली नाही. बंदीच्या काळात जखमी होऊन निसटणाऱ्या बदकांचं प्रमाण थोडं वाढलं आणि लोकांचा हात बसल्यावर आधीपेक्षाही खाली आलं. दुसऱ्या बाजूला, १९९७ च्या एकाच हंगामात शिसं टळल्यामुळे सुमारे १४ लाख बदकं वाचली असा नंतरच्या अभ्यासाचा अंदाज आहे. हा आकडा त्या सहकाऱ्याला सांगितला. तो म्हणाला, "बघ, आमच्या काडतुसाने वाचवली." आता काय बोलायचं!

सुनंदा_मा
मुलगी कॉलेज शोधत होती तेव्हा मॅसॅच्युसेट्सचं ओलिन कॉलेज आमच्या यादीत होतं. ते याच फ्रँकलिन ओलिनच्या फाउंडेशनच्या पैशातून उभं राहिलंय. दातृत्व मोठं, नाही म्हणत नाही. पण याच नावाची कंपनी अलाबामात १९७० पर्यंत डीडीटी हे कीटकनाशक बनवत होती. ते शेजारच्या ट्रायाना गावाच्या ओढ्यात उतरलं, माशांत गेलं आणि मासे खाणाऱ्या गरीब, बहुतांशी काळ्या लोकांच्या रक्तात गेलं. कंपनीला शेवटी कोट्यवधी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. गरुडांच्या अंड्यांची कवचं पातळ करणारं ते हेच डीडीटी. मग खोक्यावर घराण्याचा वारसा मिरवायचा तर सगळाच मिरवा की.

बारा_बोअर
ताई, कंपनी वेगळी आणि घराणं वेगळं. शेअर बाजारात गेलेल्या कंपनीच्या प्रत्येक टाकीचा हिशेब बापलेकांच्या नावावर कसा मांडणार?

सुनंदा_मा
चालेल. मग छऱ्यांचं पुण्यही त्यांच्या नावावर मांडू नका.

गिधाडमित्र
मी थोडा बारा_बोअर यांच्या बाजूने. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफेनॅकने, म्हणजे गुरांना देत असलेल्या वेदनाशामकाने, संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. ती शक्य झाली, कारण मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं पर्यायी औषध हाताशी होतं. पर्याय नसताना बंदी घातली तर माल मागच्या दाराने येतो. पर्याय बनवणारा नफ्यासाठी बनवतो, पण बनवतो. त्याला शून्य मार्क देणं जरा अति होतंय.

खटपट्या
शून्य नाही हो, पण पहिला नंबरही नाही. डेन्मार्कने १९९६ मध्ये सगळ्याच शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले. तिथे कुठल्या काडतूसवाल्याच्या लॅब्राडॉरचं तिकीट काढलं होतं?

नवशिका
एक बाळबोध प्रश्न. तळ्याकाठच्या वॉर्डनला कळतं कसं की काडतुसात शिसं आहे की पोलाद?

बारा_बोअर
लोहचुंबक. काडतुसाला लावायचं, चिकटलं तर पोलाद. फक्त बूड पितळी मुलाम्याच्या लोखंडाचं असतं, म्हणून छर्रे असतात तिथे लावायचं. बिस्मथ, म्हणजे दुसऱ्या एका बिनविषारी धातूचे छर्रे, चिकटत नाहीत, मग खोका दाखवावा लागतो. आणि पोलाद वापरलंत तर जेवताना सांभाळा, शिशावर दात रुततो, यावर तुटतो.