अनुभव धागा : पानाचा रंग, डोळ्यांचा ताण आणि कार्यालयातला आडोसा

संकेतस्थळाच्या रंगसंगतीमुळे वाचन सुसह्य किंवा त्रासदायक कसे झाले आणि कार्यालयात शेजाऱ्यांची नजर पडू नये म्हणून आपण काय केले, याविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागांतील वाचकांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो.

उद्यमबाग, बेळगाव
मी एका फाउंड्रीत हिशेब पाहतो. जेवणाच्या सुट्टीत मराठी लेख वाचताना ते मागून येणाऱ्याला दिसू नयेत म्हणून मी ब्राइटनेस अगदी खाली आणून फिकट राखाडी अक्षरांची पाने निवडत असे. त्यामुळे आडोसा मिळाला खरा. पण अनुस्वार आणि रफार ओळखण्यासाठी मान पुढे जाऊ लागली आणि चार वाजेपर्यंत कपाळ ठणकू लागे. वेब सुलभतेच्या प्रचलित निकषांनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा लागतो, पांढऱ्यावर काळ्याचा तो २१ : १ असतो. ‘नदी’ आणि ‘नंदी’ यांत एका टिंबाचा फरक असलेल्या आपल्या लिपीने या किमान मर्यादेवर समाधान मानू नये, असे माझे ठाम मत आहे. आता मी फिकट बदामी पानावर गडद तपकिरी अक्षरे ठेवतो. दुरून पाहणाऱ्याला ते जुन्या कागदासारखे दिसते आणि मलाही मान पुढे काढावी लागत नाही.

निपाणी
मी बँकेत काउंटरवर असते. मूल होत नसल्याने आमचे उपचार चालू होते आणि त्याविषयीची माहिती मी मिळेल त्या फावल्या वेळी वाचत असे. ते पान भडक गुलाबी होते, वर बाळाचे मोठे चित्र. एके दिवशी मागून जाणाऱ्या सहकाऱ्याने सहज विचारले, “मॅडम, काही गोड बातमी आहे का?” त्या प्रश्नानंतर उरलेला दिवस कसा काढला, हे माझे मला ठाऊक. पुढे भाच्याने ब्राउझरमधला रीडर व्ह्यू दाखवला, ज्यात रंग आणि सजावट जाऊन साध्या पानावर मजकूर तेवढा उरतो. तोच मजकूर मी नंतर कित्येक दिवस निर्धास्तपणे वाचला. आजाराची माहिती देणाऱ्यांनी पान रंगवताना, वाचणारी व्यक्ती चारचौघांत बसलेली असू शकते, याचा विचार करायला हवा.

खानापूर
मला दृष्टिवैषम्य आहे, म्हणजे चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर आहे. काळ्या पानावर बाहुली अधिक विस्फारते आणि बुबुळाच्या वक्रतेतला दोष जास्त जाणवतो. पांढऱ्या अक्षरांभोवती धुके पसरल्यासारखे दिसते. शिवाय माझ्या पाठीमागे खिडकी असल्याने काळ्या स्क्रीनवर मजकुराआधी माझाच चेहरा दिसतो.

अथणी
साखर कारखान्याच्या कार्यालयात सर्वांच्या स्क्रीनवर पांढरे तक्ते असतात, त्यामुळे लपण्यासाठी निवडलेला डार्क मोड, म्हणजे काळे पान, हाच दारातून प्रथम नजरेत भरत असे. त्यातही आसपासच्या स्क्रीनवर सगळे कन्नड असताना शिरोरेखेची ओळ दुरूनही ओळखू येते. दिवसा मी पांढरे पान आणि ब्राउझरची लहान खिडकी ठेवतो. गळीत हंगामातल्या रात्रपाळीत, निम्मे दिवे मालवल्यावर, मात्र मला काळेच पान बरे वाटते.