मदत हवी आहे : ओव्हरक्लॉक केलेल्या १२६००केसाठी दोन टॉवरचा एअर कूलर घ्यावा की लिक्विड?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे इंटेल कोअर आय५-१२६००के हा प्रोसेसर आहे. त्याचे सहा परफॉर्मन्स कोअर मी ४.५ गिगाहर्ट्झवरून ५.१ वर नेले (म्हणजेच ओव्हरक्लॉक केले) असून त्यासाठी १.३४ व्होल्ट द्यावे लागले आहेत. इंटेलने या प्रोसेसरची कमाल टर्बो वीज १५० वॅट सांगितली आहे. माझ्याकडे सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) लावले की ती २१० च्या घरात जाते. सध्याचा कूलर एका टॉवरचा (पात्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला), चार हीटपाइप आणि १२० मिमी पंखा असलेला आहे. गेम खेळताना तापमान ७८ ते ८४ अंश राहते, परंतु सिनेबेंचमध्ये दोन मिनिटांच्या आत १०० अंश गाठून प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो.

खोली कोल्हापुरात, उद्यमनगरला लागून, पत्र्याखालची आहे. एप्रिलच्या दुपारी आतच ३६ अंश असतात. हवेचा असो वा पाण्याचा, कोणताही असा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; त्यामुळे २२ अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचण्यांच्या आकड्यांत मला सरळ १४ अंश मिळवूनच ते वाचावे लागतात. त्यात धूळ. मागच्या रविवारी कॅबिनेटची पुढची जाळी कागदावर झटकली आणि सहज चुंबक फिरवले, तर करड्या धुळीतला लोखंडाचा बारीक कीस चुंबकावर मिशीसारखा उभा राहिला. शेजारी लेथ चालतात, त्यांना तरी काय म्हणणार!

त्याच दिवशी कूलर काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. जुन्या पेस्टचा ठसा मधोमध जाड आणि दोन्ही टोकांना अगदी पातळ होता. एलजीए१७०० सॉकेटची पकड प्रोसेसरला लांब बाजूंच्या मध्यावर दाबते आणि वरचा पत्रा किंचित खोलगट होतो, त्याचाच हा परिणाम असावा, असे मला वाटते.

इथल्या एका दुकानदाराने ‘ओव्हरक्लॉक केलाय म्हणजे पाण्याचाच लागणार’ एवढेच सांगून ३६० मिमीचा लिक्विड कूलर पुढे केला, कॅबिनेटचे मापही विचारले नाही. तो रेडिएटर माझ्याकडे फक्त पुढे बसतो, म्हणजे हा कीस थेट त्याच्या बारीक पात्यांत जाणार. शिवाय पंप बंद पडला तर यंत्रच थांबते. एअर कूलरचा पंखा गेला तर बाजारातून दुसरा आणता येतो. नॉक्टुआ एनएच-डी१५ ची उंची १६५ मिमी आणि माझ्या कॅबिनेटची मर्यादा १६०, त्यामुळे तो बाद. डीपकूल एके६२० बरोबर १६० मिमीचा आहे, पण माझ्या रॅमच्या पट्ट्या ४४ मिमी उंच असल्याने पुढचा पंखा वर सरकवावा लागेल, आणि मग झाकण लागणार नाही. अशा स्थितीत काय घ्यावे?

प्रतिसाद :
कूलरआधी व्होल्टेज पाहावे. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून शेवटचे २०० मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. ४.९ वर येऊन व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवा आणि प्रत्येक टप्प्यावर स्थिरता तपासा. वाकलेल्या पत्र्यासाठी सॉकेटची पकड काढून काँटॅक्ट फ्रेम (प्रोसेसरला चहूबाजूंनी सारखे दाबणारी चौकट) बसवावी. स्क्रू मात्र हलक्या हाताने, सगळीकडे सारखे आवळावेत, अन्यथा रॅम ओळखली जात नाही. एके६२० घेतल्यास पुढचा पंखा काढून दोन टॉवरांच्या मधला एकटाच ठेवा. दोन-चार अंशांचा तोटा होईल, पण रॅमचा प्रश्न सुटेल.

धागाकर्ता :
मनापासून आभार. ४.९ गिगाहर्ट्झ आणि १.२४ व्होल्टवर वीज १७३ वॅटवर आली, आणि त्याच जुन्या कूलरवर, त्याच दुपारच्या उकाड्यात सिनेबेंचचे तापमान ९० वर थांबले. गेममध्ये मला काडीचा फरक जाणवला नाही. फ्रेम मागवली आहे. एके६२० एका पंख्यावर चालवायचे ठरवले आहे, मात्र प्रोसेसरच्या पृष्ठापासून काचेपर्यंत पट्टीने मोजले तर १६२ मिमी भरतात. एवढ्या फटीत कोणी तो बसवला असेल, तर काच टेकते का तेवढे कळवावे, म्हणजे ऑर्डर देतो.