कॉलेजच्या निबंधात घरातलं दुःख लिहावं का?

कोथरूडची_आई:
लेक बारावीत आहे. अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी अर्ज करतेय, 'कॉमन अ‍ॅप'वरून, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जावरून. कॉमन अ‍ॅपचा मुख्य निबंध 650 शब्दांच्या आत बसवायचा असतो. सात प्रश्नांतला सातवा म्हणजे 'तुमच्या आवडीचा विषय', आणि तिथेच आमचं घोडं अडलंय. समुपदेशक म्हणतात, 2021 च्या एप्रिलमध्ये आजोबा कोविडने गेले, त्यावरच लिही, वाचणाऱ्याचं काळीज हलेल. तिला आजीच्या शिलाई मशीनवर लिहायचंय. समुपदेशकांचं मला पटत नाही, पण अनुभव त्यांच्यापाशी आहे. तुम्ही काय सांगाल?

न्यूजर्सीचा_काका:
मशीनच. आजोबांवर लिहायला घेतलं की हॉस्पिटल, ऑक्सिजन, शेवटचा फोन यातच चारशे शब्द संपतात. वाचणाऱ्याला आजोबा कळतात, मुलगी कळत नाही. माझ्या मुलाने पहिला मसुदा असाच लिहिला होता. मी वाचून रडलो, आणि मग लक्षात आलं की त्यात तो स्वतः कुठेच नव्हता. शिवाय कॉमन अ‍ॅपमध्ये अडचणी सांगायला 250 शब्दांची वेगळी जागा आहे. अभ्यासावर परिणाम झाला असेल तर तिथे सरळ लिहा. घरातल्या मृत्यूला प्रवेशाच्या कामी लावणं मला बघवत नाही.

सोलापूर_ते_ओहायो:
काका, शेवटचं वाक्य लागलं. मी अकरावीत असताना वडील अंथरुणाला खिळले. सकाळी दुकान उघडायचं, दुपारी कॉलेज, रात्री उधारीची वही. मी तेच लिहिलं. माझ्याकडे ना रोबोटिक्सचं बक्षीस होतं, ना उन्हाळी शिबिर. शिबिराला पैसे लागतात. ज्या मुलाच्या आयुष्यात ओढाताणीशिवाय दुसरं काही घडलंच नाही, त्याला 'दुःख मांडू नकोस' म्हणायचं, तर त्याने लिहायचं तरी काय? 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत बंद केली. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी म्हटलंय की वंशामुळे आयुष्यात काय वाट्याला आलं, हे विद्यार्थी लिहू शकतो, मात्र त्यातून त्याचं धैर्य, त्याची जिद्द दिसली पाहिजे. माझ्या मते ओढाताणीलाही हेच लागू पडतं. सोसलं ते लिहावं, आणि त्यापायी आपण काय केलं तेही लिहावं.

रेवा_लीड्स:
ब्रिटनलाही अर्ज करणार असाल तर तिथे आजोबा नकोत आणि मशीनही जपूनच. 2026 च्या प्रवेशापासून यूकॅसने, म्हणजे तिथल्या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेने, सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न ठेवलेत, मिळून 4000 अक्षरं. हाच विषय का, त्यासाठी आजवर काय शिकलात आणि वर्गाबाहेर काय केलंत, एवढंच विचारतात.

न्यूजर्सीचा_काका:
@सोलापूर_ते_ओहायो, तुमच्या बाबतीत माझं म्हणणं मागे घेतो. वही तुम्ही सांभाळलीत, ती गोष्ट तुमचीच आहे. पण या मुलीला समुपदेशक विषय देतायत तो काळीज हलवण्यासाठी. त्याला माझा विरोध कायम आहे.

सोलापूर_ते_ओहायो:
आणि मुलीला आजोबांबद्दल खरंच लिहायचं असेल तर? तिला कुणी विचारलंय का, मशीनच का म्हणून?

कोथरूडची_आई:
काल रात्री विचारलं. मशीनला तेल घालणं, दोरा सारखा तुटायला लागला की ताण बघणं, हे सगळं आजोबा करायचे. ते गेल्यावर सहा महिने मशीन झाकून होतं. मग हिने एकदा बॉबिनची बाजू उघडली, आत साचलेला कापसाचा गुंता काढला आणि आजीला ब्लाउज शिवायला बसवलं. मी घरातच होते, पण मला हे माहीतच नव्हतं. आज तिने आजोबांच्या तेलाच्या बुधल्यापासून सुरुवात केलीय. 910 शब्द झालेत. 1 नोव्हेंबरच्या आत 650 वर आणायचेत, आणि कुठला शब्द काढायचा यावरून आजी आणि ती आत्ता भांडतायत.