'तात्काळ' मेसेज आधी की फेरफार आधी?

सजा_क्र_७: मी ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठीच), तीन गावं आणि वर एक अतिरिक्त सजा (सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं). ऑफिसच्या ग्रुपवर 'तात्काळ माहिती सादर करा' आलं की हातातलं टाकून एक्सेल भरत बसायचो, असं दोन वर्षं चाललं आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी) पडून राहायचे. नोटीसचे १५ दिवस उलटलेत, कुणाची हरकत नाही, तरी माणूस चकरा मारतोय कारण नोंद मंजुरीला मंडळ अधिकाऱ्यांकडे गेलीच नाही. आता १० ते १२ फक्त फेरफार, मोबाईल सायलेंट, ग्रुप जेवणानंतर. कुठल्या गावाला कुठला वार ते चावडीवर लिहिलंय. ज्या कामाला कायद्याची मुदत आहे ते आधी, ज्याची नुसती ओरड आहे ते नंतर.

नाल्याकाठचा: नाही पटत सर. मी पण असाच सायलेंट ठेवला होता, नेमका त्याच दिवशी नाल्याला पूर, सरपंच फोन करकरून दमले आणि मी पंचनाम्याला पोचलो संध्याकाळी. मला खुलासा द्यावा लागला ते सोडा, पण एका बाईची दुभती म्हैस वाहून गेलेली आणि ती सकाळपासून तिथंच उभी होती हो. आपल्या कामात वेळ बांधून घेता येत नाही.

कोरडवाहू: शेतकरी म्हणून सांगतो, वार ठरवा पण पाळा. आमच्या चावडीवर मंगळवार लिहिलाय आणि मंगळवारी गेलो तर कुलूप, साहेब तालुक्याला मीटिंगला. वारस नोंदीसाठी तीन मंगळवार मजुरी बुडाली. सातबारा ऑनलाइन निघतो, पीक पाहणी २०२१ पासून आम्हीच मोबाईलवर करतो, म्हणजे तुमच्याकडे येतो ते अडलं म्हणूनच ना? वार बदलला तर आदल्या रात्री गावच्या ग्रुपवर एक ओळ टाका एवढंच.

सजा_क्र_७: @कोरडवाहू हे मी करत नव्हतो, चूक आहे, आजपासून टाकतो. @नाल्याकाठचा म्हशीचं वाचून वाईट वाटलं. सरपंच, पोलीस पाटील आणि कोतवाल यांचे फोन सायलेंटमध्येही वाजतील असं सेटिंग केलं आत्ताच. पण तक्ते मागणाऱ्यांना दुपारीच, त्यावर मी ठाम आहे.

नाल्याकाठचा: आणि १० वाजताच व्हीसी (व्हिडिओवरची मीटिंग) लागली तर?

सजा_क्र_७: तर फेरफार ४ ते ६. दोन तास सरकतील, रद्द होणार नाहीत.

नाल्याकाठचा: ४ ला नेटवर्क असतं तुमच्याकडे? आमच्याकडे सर्व्हर सकाळीच काय तो चालतो, त्यामुळे मला अजून अवघडच वाटतंय.