हॉटलाईन मायामी २ : स्क्रीनबाहेरून येणाऱ्या गोळीला अवघड म्हणायचं की चुकीचं डिझाईन?

कारेलीबागकर:
नमस्कार मंडळी, हॉटलाईन मायामीचा पहिला भाग नवरात्रात संपवला, रात्री गरब्याहून घरी आलं की झोप कुठे लागते, मग हेडफोन लावून एकेक चॅप्टर. वेड लागलं अक्षरशः. सेल लागला होता म्हणून लगेच दुसरा भाग, राँग नंबर, तोही घेतला आणि आता अर्ध्यावर येऊन अडकलोय, मजा येण्याऐवजी डोकं फिरतंय.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : वरून दिसणारा गेम आहे, १९८९ चं मायामी, आन्सरिंग मशीनवर कसलातरी गूढ निरोप येतो, आपण प्राण्याचा मुखवटा घालून त्या पत्त्यावर जायचं आणि तिथले सगळे संपवायचे. बहुतेक वेळा एक फटका नाहीतर एक गोळी, की आपण गेलो. आर दाबला की त्याच क्षणी परत सुरू, लोडिंगबिडिंग काही नाही. पहिल्या भागात मेलो तरी का मेलो ते कळायचं. दाराला धडक दिली, मागचा माणूस आडवा झाला, त्याला खाली संपवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात बाजूच्या खोलीतला शॉटगनवाला आत आला. ठीक आहे, पुढच्या वेळी आधी त्याचा बंदोबस्त करायचा. सगळा हिशोब डोळ्यांसमोर.

दुसऱ्या भागात तसं होतच नाही. लांबच लांब हॉल, सगळीकडे काचा. शिफ्ट दाबून पुढे बघितलं, कोणी नाही, दोन पावलं टाकली आणि काचेतून गोळी, खलास. मारणारा स्क्रीनवर आलाच नाही! आता सांगा, मी खेळतोय तसं खेळायचंच नाहीये का, की लेव्हलच अशा बनवल्यात? आणि दुसरं म्हणजे सगळे म्हणतात हा गेम हिंसेवर भाष्य करतो. तुम्हाला खेळताना ते जाणवलं का, खरं सांगा.

मांडवी_ते_मायामी:
भाऊ, लेव्हलच अशा आहेत. मी दोन्ही भाग कितीतरी वेळा खेळलोय आणि माझं मत पक्कं आहे. पहिल्या भागात खोल्या लहान, भिंती जवळजवळ, त्यामुळे जिथे मारामारी व्हायची ती जागा जवळपास पूर्ण कॅमेऱ्यात मावायची. दुसऱ्यात नकाशे मोठे केले, बंदुका वाढवल्या, काचा लावल्या आणि आपल्याला दिसणारा भाग मात्र होता तेवढाच. शत्रूला काचेतून तू दिसतोस, तुला तो दिसत नाही. मग शिफ्ट दाबून दाबून पुढे बघत चालायचं, म्हणजे ज्या वेगासाठी हा गेम खेळायचा तोच वेग गेला.

याचा परिणाम बघ काय होतो. सगळे जण एकच उपाय शोधून काढतात, कोपऱ्यात उभं राहायचं, हवेत एक गोळी झाडायची, आवाजानं सगळे धावत येतात, एकेकाला दारात टिपायचं. चालतं हे, पण यात गंमत काय? आणि शेवटी मार्क देताना गेम कॉम्बो, म्हणजे न थांबता लागोपाठ किती मारले ते मोजतो, धाडस मोजतो, म्हणजे बक्षीस धावणाऱ्याला आणि जिवंत राहणार कोपऱ्यातला. या दोन गोष्टींचं एकमेकांशी जमतच नाही.

मुखवट्यांचंही तेच. पहिल्या भागात अडकलास की मुखवटा बदलायचास, डॉन हुआनचा घोडा घातला की दाराच्या धडकेनंच माणूस मरतो, टेड घातला की कुत्रे अंगावर येत नाहीत, टोनी घातला की नुसत्या मुठी पुरतात. तीच खोली, पण कोडं नवीन. दुसऱ्या भागात बऱ्याच ठिकाणी पात्र ठरलेलं, त्याची कला ठरलेली. हवाईतला तो सैनिक घे, स्वतःची बंदूक आणि सुरी सोडून दुसरं काही उचलता येत नाही, गोळ्या संपल्या की पेटी शोधत फिर. माझा सगळ्यात नावडता भाग तो.

फतेहगंज_पिक्सेल:
नाही पटलं. दुसरा भाग पहिल्यासारखा खेळायला गेलात तर चिडचिड होणारच. तो पाठ करायचा गेम आहे. कुठला माणूस कुठून कुठे फिरतो हे दोनचार मरणांत लक्षात येतं, मग रस्ता डोक्यात बसतो आणि एकदा बसला की ती लेव्हल सलग करताना जे वाटतं ना ते पहिल्या भागात मला कधी वाटलं नाही, कारण तिथे खोल्या छोट्या, झटकन संपायचं. इथे एवढा मोठा मजला एका दमात, वरून पर्ट्युरबेटर नाहीतर मून या कलाकारांचं संगीत, अंगावर काटा येतो.

आणि पात्रं ठरलेली आहेत ते उगीच नाही. एव्हन नावाचा लेखक आहे बघा, तो पुस्तकासाठी माहिती गोळा करतोय, त्याला माणसं मारायची नाहीत. बंदूक उचलली की तो वापरत नाही, रिकामी करून टाकतो. आता सगळा गेम खून करण्याचा आणि मधेच एक माणूस असा, की ज्याच्या हातात बंदूक दिली तरी चालत नाही! मुखवटा निवडायची मोकळीक दिली असती तर हे जमलंच नसतं. प्रत्येक पात्राचा स्वभाव त्याच्या हातातल्या हत्यारावरून कळतो, कटसीनची, म्हणजे मधे नुसत्या बघायच्या प्रसंगांची, गरज पडत नाही. एवढा विचार किती गेममध्ये असतो सांगा मला.

सयाजीबाग_सकाळ:
कारेलीबागकर दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते कारण मला तोच महत्त्वाचा वाटतो. भाष्य वगैरे शब्द बाजूला ठेवा, शेवटचा माणूस पडल्यावर काय होतं ते आठवा. तोपर्यंत संगीत छाती धडधडवत असतं, आपण विचार न करता क्लिक क्लिक करत असतो आणि तो पडतो त्या क्षणी गाणं तुटतं. नुसती एक घरघर उरते. मग लेव्हल संपत नाही, गाडीपर्यंत चालत परत जायचं असतं, ज्या खोल्यांतून आलो त्याच खोल्यांतून. आपण जिथे टाकले तिथेच सगळे पडलेले, एखादा दारात, एखादा संडासात. मगाशी हे सगळं नकाशावरचे ठिपके होते. मला पहिल्यांदा तिथे कसंतरीच झालं आणि मी हेडफोन काढून ठेवले. कोंबड्याचा मुखवटा घातलेला रिचर्ड येऊन आपल्याला टोचणारे प्रश्न विचारतो त्यापेक्षा हे चालत जाणं कितीतरी जास्त बोलतं. माझ्या मते रिचर्डची गरजच नव्हती.

दुसऱ्या भागात बोलणं फार वाढलं. एवढी पात्रं, पुढच्या मागच्या तारखा, कोण कोणाचा कोण हे लक्षात ठेवण्यातच जीव जातो. त्यात एक गोष्ट मात्र मला फार आवडली, ती फॅन्सची टोळी. पहिल्या भागातल्या माणसाचं नाव पेपरात वाचून त्यांनाही तसंच करायचंय, पण त्यांना कोणाचा फोनच येत नाही, म्हणून हे आपले आपणच मारायला माणसं शोधत फिरतात. हे सरळ आपल्याबद्दल आहे, ज्यांनी पहिला संपवल्या संपवल्या दुसरा मागितला त्यांच्याबद्दल.

ऑस्ट्रेलियानं २०१५ च्या जानेवारीत दुसऱ्या भागाला वर्गीकरणच नाकारलं, म्हणजे तिथे विकायलाच बंदी, ते सुरुवातीच्या एका प्रसंगामुळे, त्यात बाईवर अत्याचार होताना दाखवलाय आणि मग कळतं की ते सिनेमाचं शूटिंग आहे. तो प्रसंग वगळायचा पर्याय गेम सुरू करताना मिळतो. माझं मत विचाराल तर तो नसता तरी काही बिघडलं नसतं. धक्का देऊन मग शूटिंग होतं म्हणणं मला पटत नाही, जिथे त्या चालत जाण्यानं काम होतं तिथे याची गरज काय?

आणि पहिल्याला एवढं डोक्यावर घेऊ नका, त्यातला हॉस्पिटलचा चॅप्टर आठवतोय ना सगळ्यांना? हातात काही नाही, लपून छपून जायचं, जरा चाललं की डोकं धरून थांबतो, स्क्रीन वाकडीतिकडी. आजारी माणसाची अवस्था दाखवायची होती हे कळलं, पण खेळायला अगदी कंटाळवाणं.

जुना_डबा:
माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर पहिला भाग छान चालतो, हे सांगायलाच आलो. तो गेममेकर ७ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय, स्वीडनच्या दोघांनी, सोडरस्ट्रॉम आणि वेडीन. सोडरस्ट्रॉमनं आधी सुपर कार्नेज नावाचा असाच वरून दिसणारा प्रोटोटाईप अर्धवट सोडला होता, त्यातूनच हा आला. २०१२ ला आला तेव्हा बग खूप होते. तेव्हा सोडरस्ट्रॉमनं काय करावं, पायरेट बे या चोरीच्या कॉप्यांच्या साईटवर जाऊन फुकट घेणाऱ्यांनाही सांगितलं की बाबांनो, पॅच केलेली, म्हणजे दुरुस्त कॉपी घ्या, बगवाली खेळू नका. आपल्या कामाबद्दल एवढं वाटणारा माणूस मला आवडतो. दुसरा भाग मी पुरा केला नाही, मांडवीवाल्या भाऊंनी सांगितलं त्याच कारणानं.

कारेलीबागकर:
वा, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, आभार. सकाळताई, परत चालत जाण्याचं वाचून मी काल पहिला भाग पुन्हा लावला, मी तो रस्ता नेहमी पळत पार करायचो, लवकर पुढचा चॅप्टर यावा म्हणून. काल सावकाश गेलो. तुमचं म्हणणं समजलं.

पिक्सेल भाऊ, एव्हनचा मुद्दा मान्य, ते भारीच आहे. पण पाठ करणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. पहिल्या भागात नवीन खोलीतसुद्धा नुसतं दारात उभं राहून अंदाज यायचा, हा इकडे वळणार, तो कुत्रा तिकडून येणार. तिथे मरण आलं तर मला काहीतरी शिकवून जायचं. दुसऱ्यात आधी मरायचं आणि मग कळणार की तिकडे कोणी होता. एवढी माथाकूट मला नाही करायची बुवा. फॅन्सची गोष्ट संपेपर्यंत तरी खेळेन, त्यांचं पुढे काय होतं ते बघायचंय. सध्या तिथेच अडकलोय, काही सुचवा.

मांडवी_ते_मायामी:
फॅन्सच्या लेव्हलला सुरुवातीला पात्र निवडता येतं ते तर केलं असशील. कोरी घे, झेब्रावाली. ती लोळण घेते आणि लोळताना गोळी लागत नाही, काचेसमोरून जायचं असेल तर तोच एक उपाय आहे. टोनी नावाचं पात्र अजिबात घेऊ नको, त्याला हत्यार उचलता येत नाही आणि त्या लांब हॉलमध्ये मुठी घेऊन कुठे जाणार. अॅलेक्स अॅशची हंसाची जोडी मजेदार आहे, एकाकडे करवत आणि दुसऱ्याकडे बंदूक, पण मागचा भाऊ बहिणीपासून जरा मागे राहतो आणि वळताना तोच मरतो, म्हणून दारातून आत जाण्याआधी दोघं जवळ आलेत का ते बघत जा.

आणि वेगच हवा असेल तर एप आऊट खेळ, २०१९ चा आहे, हाही वरूनच दिसतो. गोरिला आहे, माणसं उचलून भिंतीवर आपटायची, प्रत्येक आपटण्यावर ड्रम वाजतो. भिंती दर वेळी बदलतात त्यामुळे पाठ करायचा प्रश्नच येत नाही आणि एका गोळीत मरत पण नाही.

फतेहगंज_पिक्सेल:
कोरीचं बरोबर सांगितलंस. फक्त लोळण काचेच्या आधीच सुरू कर, समोर आल्यावर नाही. आणि एव्हनच्या लेव्हल सोडू नको हां, त्यात कोणाला न मारता पार केलंस तर इथे येऊन लिही.