फिआन्सा: अनामत, जामीन की आणखी काही?

प्रश्नकर्ती: बार्सेलोनातल्या एका फ्लॅटच्या भाडेकराराचं स्पॅनिशमधून इंग्रजी करतेय. वाचणारा इंग्लंडमधला वकील आहे. पाचव्या कलमात 'फिआन्सा' आला. हा शब्द मी कोर्टाच्या बातम्यांत जामिनासाठी वाचला होता, म्हणून बिनधास्त 'बेल' लिहिलं. तपासनिसाने समासात एवढंच लिहून परत पाठवलं: "भाडेकरू तुरुंगात आहे का?" लाज वाटली. पण त्याच करारावर 'फिआदोर' नावाचा तिसरा माणूसही सही करतोय. मग फिआन्सा नक्की काय, रक्कम की माणूस?

जुना अनुवादक: चूक अगदी मराठी आहे हो ताई! आपला 'जामीन' बघा. आरोपीला जामीन मिळतो आणि पतपेढीच्या कर्जाला मामा जामीन राहतो. स्पॅनिशने त्याच शब्दाच्या डोक्यावर अनामतीचंही ओझं ठेवलंय. 1889 च्या तिथल्या दिवाणी संहितेत, कलम 1822 मध्ये, फिआन्सा म्हणजे 'त्याने दिलं नाही तर मी देईन' ही हमी. फौजदारी खटल्यात तो जामीन. आणि 1994 च्या शहरी भाडेकायद्याच्या कलम 36 मध्ये रोख अनामत: राहत्या घराला एक महिन्याचं भाडं, दुकान-कचेरीला दोन महिन्यांचं.

तेव्हा कलमात आकडा आणि 'एन मेतालिको', म्हणजे रोखीत, असं असेल तर 'डिपॉझिट' लिहा. फिआदोर मात्र 'गॅरंटर', म्हणजे हमी देणारा माणूस. 'आवाल बांकारिओ' दिसला तर ती बँक गॅरंटी, ती फिआन्सापेक्षा वेगळी आणि जादाची.

एक खोच आहे. कातालोनियात, म्हणजे बार्सेलोनाच्या प्रांतात, घरमालकाला ही रक्कम स्वतःकडे ठेवता येत नाही, ती 'इंकासोल' या सरकारी संस्थेत भरावी लागते. त्यामुळे करारात 'देपोसितार ला फिआन्सा' येतं आणि इंग्रजीत 'डिपॉझिट डिपॉझिट करणे' असलं विनोदी वाक्य तयार होतं. क्रियापद 'लॉज' घ्या. 'प्रोटेक्ट' घेऊ नका. इंग्लंडमध्ये 2007 पासून अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवण्याची सक्ती आहे, तिथला वकील 'प्रोटेक्ट' वाचून ती योजना समजेल.

प्रश्नकर्ती: आभार! मथळ्याला 'अर्रेंदामिएन्तो', म्हणजे भाड्याने देणं-घेणं, आहे. मी 'लीजहोल्ड' केलंय. भारदस्त वाटलं.

वकीलकाका: भारदस्त आहे म्हणूनच काढा. इंग्लंडच्या 1925 च्या मालमत्ता कायद्याप्रमाणे जमिनीत कायदेशीर इस्टेट, म्हणजे हक्काचे प्रकार, दोनच: फ्रीहोल्ड, म्हणजे कायमची मालकी, आणि लीजहोल्ड, म्हणजे ठराविक मुदतीपुरता हक्क. तिथे 99 किंवा 125 वर्षांचं लीजहोल्ड लोक विकत घेतात, त्यावर कर्ज काढतात. स्पेनमधल्या फ्लॅटच्या भाडेकरूकडे असलं काही नसतं, त्याच्याकडे करारातून आलेला हक्क असतो. राहत्या घरासाठी 'टेनन्सी अॅग्रीमेंट' लिहा, दुकानासाठी 'लीज' चालेल.

आणि आपल्याकडची सवय तिकडे नेऊ नका. मुंबई-पुण्यात अकरा महिन्यांचं 'लीव्ह अँड लायसन्स' इतकं अंगवळणी पडलंय की भाडेकरार म्हटला की हात आपोआप 'लायसेन्सी' लिहितो. स्पॅनिशमध्ये 'लिथेन्थिया' म्हणजे नगरपालिकेचा परवाना. घरात राहणारा 'अर्रेंदातारिओ', घर देणारा 'अर्रेंदादोर'. शेपटाकडे लक्ष द्या, '-दोर' देणारा, '-तारिओ' घेणारा. घाईत हे दोन उलटे झाले की अख्खा करार उलटा होतो. मी असा एक करार पाहिलाय, त्यात घरमालकच दरमहा भाडं भरत होता.

मुदतीच्या कलमातही सांभाळा. 'प्रोर्रोगा' म्हणजे मुदतवाढ, नूतनीकरण नव्हे. करार एक वर्षाचा असला तरी भाडेकरूची इच्छा असेल तर तो वर्षावर्षाने पाच वर्षांपर्यंत चालतो, मालक कंपनी असेल तर सात. करार तोच राहतो, म्हणून 'एक्स्टेन्शन'. 'रिन्यूअल' म्हटलं की नवा करार झाला असं वाटतं.

व्हॅलेन्सियाकर: मी इथे भाड्याने राहतो, कायद्यातलं कळत नाही, पण एक अनुभव. माझ्या कराराच्या इंग्रजी प्रतीत 'गास्तोस दे कोमुनिदाद'चं 'कम्युनिटी चार्ज' केलं होतं. लिफ्ट, जिना, झाडलोट यांचा खर्च, थोडक्यात आपला सोसायटी मेंटेनन्स. घरी आलेला ब्रिटिश मित्र ते वाचून दचकलाच. त्यांच्याकडे 1990 ला थॅचरबाईंनी आणलेल्या माणशी कराचं अधिकृत नाव तेच होतं, त्यावरून दंगली झाल्या.

जुना अनुवादक: वा, हे टिपून ठेवतो. तसाच 'त्रास्पासो'. ऐकायला आपला 'त्रास', बघायला इंग्रजी 'ट्रेसपास', आणि अर्थ दोन्हींशी संबंध नसलेला. दुकानाचा चालू भाडेहक्क पैसे घेऊन दुसऱ्याला देणे. जुन्या 1964 च्या कायद्यात त्या पैशांत घरमालकाचाही वाटा असायचा. गिरगावातल्या माणसाला हे समजावायला दोन शब्द पुरतात: पागडीचा भाऊ. पण इंग्रजीत 'असाइनमेंट ऑफ द लीज' लिहा आणि पैशांचा उल्लेख वेगळ्या वाक्यात करा. 'पागडी' लिहिण्याचा मोह मलाही होतो.

प्रश्नकर्ती: शेवटून दुसऱ्या कलमात 'देसाउथिओ' आणि 'लांथामिएन्तो' जोडीने आलेत. दोन्ही 'एव्हिक्शन' करू?

वकीलकाका: नको. पहिला घर खाली करून घेण्याचा दावा, म्हणून 'पझेशन प्रोसीडिंग्ज'. दुसरा म्हणजे कोर्टाची माणसं दारात येऊन प्रत्यक्ष बाहेर काढतात तो दिवस, खरी 'एव्हिक्शन' तीच. अग्निबाण सोडतात त्यालाही लांथामिएन्तोच म्हणतात, तेव्हा यंत्राच्या भरवशावर राहिलात तर भाडेकरू अवकाशात जाईल.

जुना अनुवादक: देसाउथिओच्या पोटात 'आशा काढून घेणे' आहे. डॉक्टरांनी हात टेकलेल्या रोग्यालाही तिथे 'देसाउथिआदो' म्हणतात. इंग्रजीत हे उतरत नाही, उतरवायचंही नाही, पण तो शब्द टाइप करताना दर वेळी मी जरा थांबतो.

व्हॅलेन्सियाकर: आणि कोणी पेन्सिलीने कडेला 'कासेरो' लिहिलं असेल तर तो घरमालक. माझ्या फोनने एकदा त्याचं 'घरगुती' केलं होतं. खानावळीच्या पाटीवर ते बरोबर असतं, पण मला निरोप आला होता की घरगुती उद्या गिझर बघायला येतोय.